सावली येऊलालीय

मार्चपासून रोज पहाटे मी वेताळ टेकडी चढत होतो. वारीला जायचं तर पायांना सवय हवी, एवढंच कारण. पहिले आठ दिवस पोटऱ्या भरून यायच्या. त्या मोकळ्या झाल्या तसं डोकं रिकामं राहायला लागलं आणि खिशात एक छोटी वही आली. रोज निसर्गाकडून एक गोष्ट शिकायची आणि घरी येऊन टिपून ठेवायची. बहावा पानं झाडतो तेव्हाच फुलतो : त्याग. मुंगी : नामस्मरण. (मुंगीचा आणि नामाचा मी काय संबंध लावला होता, हे आता काही केल्या आठवत नाही.) पावशा आभाळ कोरडं असताना ‘पेरते व्हा’ ओरडतो : श्रद्धा. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर मी भर दुपारी मुद्दाम गच्चीत जाऊन उभा राहिलो. सावली बरोबर पायाखाली. लिहिलं : अहंकार असा पायाखाली घेता आला पाहिजे. जून उजाडेपर्यंत वहीत 63 धडे जमले होते, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं जरा कौतुकच वाटत होतं.

2023 चं ते वर्ष. अधिक श्रावण आषाढीच्या पुढे होता, त्यामुळे आषाढी 29 जूनलाच आली. आळंदीहून माउलींचं प्रस्थान 11 जूनला. पाऊस कोकणात येऊन तिथेच अडकला होता. मृग कोरडा चालला होता. आमच्या दिंडीच्या ट्रकमध्ये सगळ्यांच्या बोचक्यांवर मेणकापडं नीट घडी घालून ठेवलेली, ती पुढे कितीतरी दिवस तशीच राहिली. दिवे घाट चढलो, जेजुरीला भंडारा उधळला, नीरेत स्नान झालं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण मला समोरच्या माणसाच्या टोपीपलीकडे दिसलंच नाही.

दिवस एकमेकांत मिसळून गेले. काकडा, चहा, चाल, विसावा, चाल, हरिपाठ, झोप. झोप म्हणजे राहुटीत चौदा जणांत मिळेल तेवढी. माझ्याच ओळीत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना वाटेत जे दिसेल त्यावर निरूपण करायची सवय. “बघा, ही बाभूळ बघा. काटे आहेत, पण पाखरांना घर देते.” अभंग संपून टाळ थांबले की यांचं सुरू. एक दिवस त्यांनी बहाव्याचा धडा सांगितला, जवळजवळ माझ्याच शब्दांत. त्या दिवसापासून मी त्यांच्यापासून दोन ओळी मागे चालायला लागलो. वही पिशवीच्या तळाशी गेली.

फलटण सोडलं त्या दिवशी पायांनी दावा मांडला. डाव्या टाचेवर एक फोड आणि उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा दुसरा. विडणी मागे पडली तेव्हा मी चपला हातात घेऊन चालत होतो आणि तेही जमेना. पालखी मार्ग आता ऐसपैस चौपदरी झालाय. गाड्यांना सोय झाली, पण जुने वड गेले, आणि दुपारी एकला त्या रस्त्यावर अनवाणी माणूस म्हणजे तव्यावरची भाकर. दिंडी पुढे गेली. पखवाज ऐकू येईनासा झाला. मागून दुसरी दिंडी आली, तीही गेली. प्रत्येक जण जाताना “चला माउली” म्हणायचा. आठव्या ‘चला माउली’ला मी मनातल्या मनात जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर, बांधाला एक कडुलिंब होता. त्याच्याखाली आधीच पंचवीस-तीस माणसं. कोणी आडवं, कोणी भाकरी सोडून बसलेलं. मी लंगडत गेलो. सावलीत बोट ठेवायला जागा नव्हती. आणि झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, सावली सोडून चांगली चार हात लांब, चक्क उन्हात एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर, शेजारी तुळशीचं वृंदावन, त्यावर ओला फडका. मला वाटलं, हिला कुणी जागा दिली नाही. लोकांचा राग आला. मग तिचाही आला, की मागून घ्यायची ना.

“बस की लेकरा,” ती म्हणाली.

“आजी, ऊन आहे.”

“बस तर. सावली येऊलालीय.”

पाय उभं राहू देत नव्हते म्हणून बसलो. ढेकळं पोळत होती. पिकलेल्या लिंबोळ्या पडल्या होत्या, त्यांचा चिकट गर फोडाला लागला आणि मी ओरडलो. तिनं पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी मागे घ्यायला गेलो, तुमच्या पाया पडायचं ते मी, वगैरे काहीतरी पुटपुटलो. तिचं लक्ष नव्हतं. कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा निघाला, दोऱ्याला खोबरेल चोळलं, फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब गळायला लागलं. “कातडं वढू नकूस. दोरा बी काढू नकूस. त्येचा त्यो पडतुय.” मग दुसरा पाय.

हे चाललं असताना कधी तरी ऊन माझ्या गुडघ्यावरून उतरलं, मग पावलांवरून. वर पाहिलं तर आम्ही पुरते सावलीत होतो. झाडाच्या पलीकडच्या अंगाला जे पसरले होते ते एकेक करून उठून, डोळ्यांवर हात धरून आमच्या बाजूला सरकत होते. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं, आणि जागा आधी धरल्याचा मला जो आनंद झाला तो वारीत होऊ नये असा होता. शून्य सावलीसाठी गच्चीत उभं राहून वही भरणारा मी. दुपार कलली की सावली पूर्वेला सरकते, हे काय मला माहीत नव्हतं?

ती लातूरकडची. अठरा वारी झाल्या, म्हणाली, मधली दोन वर्षं रोगानं गेली ती सोडून. शेत साडेतीन एकर, सगळं सोयाबीन, सगळं आभाळावर. बी-बियाणं घरात येऊन पडलेलं. लेकाचा रोज फोन येतो, पेरू का थांबू? मी विचारलं, तुम्ही काय सांगता? “मी काय सांगू? आभाळ काय माझ्या पदरात हाय?”

तेवढ्यात कडुलिंबातच पावशा सुरू झाला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’, एकेक पट्टी चढवत, अगदी टिपेला जाईपर्यंत. माझा एकेचाळीसावा धडा. म्हातारीनं मान वर केली.

“मुडदा बशिवला ह्येचा,” ती म्हणाली. “मिरगापासून वरडूलालंय. ह्येच्या बाचं काय जातंय.”

मी हसलो. ती हसली नाही. फडका उचलून तुळशीवर पाण्याचा हबका मारला, वृंदावन चुंबळीवर ठेवलं आणि एका हातानं माझा खांदा धरून उठली. रस्त्यावर पोचेपर्यंत तिनं तोंडानं ‘ज्ञानोबा-तुकाराम’ धरला होता. तिची दिंडी कितवी ते मी विचारलं नाही. फोडांवर चालताना तेवढं सुचत नाही.

बरड, नातेपुते, माळशिरस. दोरा चवड्यात खुपायचा, पण पाय पडत होता. सदाशिवनगरचं गोल रिंगण मात्र नीट दिसलं, अश्व गेल्यावर टापांखालची माती मीही कपाळाला लावली. निवृत्त गृहस्थांच्याही पायाला फोड आले होते. त्यांचा दोरा मी ओवला. हात थरथरला, त्यांनी शिवी घातली, नंतर माफी मागितली आणि सुईवर निरूपण सुरू केलं.

भंडीशेगावच्या तळावर रात्री अकराच्या सुमाराला राहुटीच्या कापडावर टपटप वाजलं. आधी कुणी बोललं नाही. मग एकदम ‘पुंडलिक वरदे’ उठलं आणि त्याच्या पाठोपाठ “अरे कणकेची पोती आत घ्या!” मी बाहेर आलो. थेंब मोठे होते पण लांब लांब पडत होते. धुळीचा वास आला. पिशव्या भिजतील म्हणून आमच्या दिंडीचे मालक कुणावर तरी खेकसत होते.

पलीकडच्या तळावर ट्रकच्या दिव्यात एक जण कानाला फोन लावून ओरडत होता. बोलीवरून लातूरकडचाच वाटला.

“हिकडं लागलाय! तिकडं कसंय?”

मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तो बराच वेळ नुसतं “हां, हां” करत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं.

“नुसतं गार वारं सुटलंय म्हणं,” तो म्हणाला.