मार्क हेन्स आणि ते एक वाक्य

१० मार्च २००९ ची एक क्लिप आहे, ती मी किती वेळा बघितलीय याचा हिशोब नाही. सीएनबीसी या अमेरिकन बिझनेस न्यूज चॅनेलवर मार्क हेन्स नावाचा बासष्ट वर्षांचा, कायम जरा वैतागलेला दिसणारा अँकर बसलाय आणि बोलता बोलता म्हणून जातो की मला वाटतं मार्केटचा बॉटम लागलाय, म्हणजे आता याहून खाली जाणार नाही, खरंच वाटतं. बस्स. ना चार्ट, ना मॉडेल. आदल्या दिवशी अमेरिकन शेअरबाजाराचे दोन मोठे निर्देशांक, एस अँड पी ५०० बंद झाला होता ६७६.५३ ला, डाउ ६५४७ ला, लोक अजून किती खाली जाणार याचेच आकडे लावत होते, आणि हा माणूस सरळ बॉटम म्हणतोय. त्याच दिवशी एस अँड पी सहा टक्क्यांहून जास्त वर गेला आणि त्या लेव्हलला परत कधी आला नाही, आणि वॉल स्ट्रीटवर त्या तळाला नावच पडलं, हेन्स बॉटम.

मजा काय आहे, की या माणसाचं सगळं करिअर भविष्य सांगणाऱ्यांना उलटे प्रश्न विचारण्यात गेलं, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो त्याने स्वतः सांगितलेल्या एका भविष्यासाठी.

हेन्स मुळात बिझनेसवाला नव्हताच. प्रॉव्हिडन्स, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांच्या लोकल चॅनेलांवर बातम्या वाचायचा, म्हणजे आगी, खून, नगरपालिका वगैरे. मग पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतून वकिली शिकला, डिग्री मिळाली १९८९ ला, वय त्रेचाळीस, आणि त्याच वर्षी सीएनबीसीत आला. चॅनेलही तेव्हाच, एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. एफएनएन म्हणून एक जुनं फायनान्स चॅनेल १९८१ पासून होतं, ते या लोकांनी १९९१ ला घेऊन टाकलं, म्हणजे टीव्हीवर दिवसभर शेअरबाजार दाखवणं हा धंदाच तेव्हा अजून बाळसं धरत होता, त्यात नक्की काय करायचं असतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं.

१९९५ ला स्क्वॉक बॉक्स सुरू झाला, हेन्स, डेव्हिड फेबर, जो कर्नन. मार्केट उघडायच्या आधीचा शो. मला विचाराल तर बिझनेस टीव्हीतली सगळ्यात अवघड वेळ हीच, कारण ट्रेड अजून व्हायचाय, समोर बसलेल्या प्रत्येकाला काहीतरी विकायचंय, सीईओला त्याचा रिझल्ट, फंड मॅनेजरला त्याने आधीच घेऊन ठेवलेला शेअर, अ‍ॅनालिस्टला त्याचं टार्गेट. आणि अँकरच्या कानात प्रोड्युसर ओरडतोय की तीस सेकंद उरलीत. अशा वेळी पाहुण्याला थँक यू म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, झालाच पाहिजे, माणूसच आहे. हेन्स मात्र वकिलासारखा उलटतपासणी घ्यायचा, उत्तर टाळलं की तोच प्रश्न परत. काही लोकांना तो उद्धट वाटायचा, आणि असेलही, पण डॉटकॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे वर जात होते त्या येड्या दिवसांत जिथे नफा सोडा, धड विक्रीही नसलेल्या कंपनीचा मालक हसत हसत येऊन बसायचा तिथे थोडा उद्धटपणा लागतोच ना.

(नॅस्डॅक या टेक कंपन्यांनी भरलेल्या निर्देशांकाचा डॉटकॉममधला सर्वात उंच क्लोज, ५०४८, तो १० मार्च २००० चा. म्हणजे बरोबर नऊ वर्षांनी, त्याच तारखेला हेन्सने बॉटम म्हटलं. याला काही अर्थ नाही, पण मला असल्या गोष्टी सापडल्या की सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

तरी त्याचं सगळ्यात भारी काम मार्केटबद्दल नव्हतंच असं माझं मत आहे. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी पहिलं विमान ८:४६ ला धडकलं तेव्हा तो ऑन एअर होता, फ्युचर्स आणि रिझल्टच्या गप्पा चालू असतानाच समोर हे आलं, बाजार ९:३० ला उघडायचा होता तो उघडलाच नाही, थेट १७ तारखेला उघडला. तेव्हा कामाला आली ती लोकल न्यूजची जुनी सवय. जे दिसतंय तेवढंच सांगायचं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, आवाज चढवायचा नाही. नुसता बॅलन्स शीट वाचता येणारा माणूस तिथे गडबडला असता. म्हणून या लाइनमध्ये यायचंय म्हणणाऱ्या पोरांना फक्त फायनान्सचे कोर्स करा म्हणून सांगतात ते मला अर्धवट वाटतं, आधी दोन-तीन वर्षं साध्या बातम्या करा की.

परत २००९ कडे येतो. १० मार्चला हेन्स बॉटम म्हणाला आणि दोनच दिवसांनी, १२ तारखेला, त्याच चॅनेलचा, टीव्हीवर शेअरच्या टिप्स देणारा जिम क्रेमर कॉमेडियन जॉन स्ट्युअर्टच्या शोमध्ये जाऊन बसला आणि स्ट्युअर्टने त्याला असा काही झाडला की बघवत नाही. मुद्दा एकच होता, की एवढे कॅमेरे, एवढे तास, सगळ्या सीईओंचे फोन नंबर, आणि २००८ ला बँका बुडतायत हे तुम्हाला दिसलं कसं नाही. मी बिझनेस टीव्हीचा भक्त आहे तरी मला यावर उत्तर सापडत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच लोकांच्या इंटरव्ह्यूवर चॅनेल चालतं, ते उद्या आलेच नाहीत तर स्लॉट रिकामा, मग प्रश्न आपोआप मऊ होत जातो, कुणी सांगावंही लागत नाही. हेन्सचा नाही झाला, पण एकाने किती करायचं?

२४ मे २०११ ला हेन्स घरीच वारला, वय ६५. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या फ्लोअरवर त्याच्यासाठी शांतता पाळली. तोपर्यंत एस अँड पी त्याच्या त्या बॉटमपासून जवळजवळ दुप्पट झाला होता, त्यामुळे सगळ्या श्रद्धांजल्यांमध्ये तेच वाक्य. मला त्याऐवजी १९९९ च्या एखाद्या साध्या मंगळवारचा इंटरव्ह्यू हवाय, ज्यात तो तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारतोय आणि समोरचा सीईओ पाण्याचा ग्लास शोधतोय. कुणाकडे असला तर लिंक टाका.