आज लूव्ह्रमध्ये कोरो

मोनालिसाच्या गर्दीकडे पाठ फिरवून आज सरळ कोरो या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गचित्रकाराची चित्रं गाठली. पाय दुखेपर्यंत उभी होते.

१८६४ चं 'मॉर्तफोंतेनची आठवण'. तळं, वाकलेलं झाड, एक बाई आणि दोन मुलं. जवळ गेलं तर पानं अशी नाहीतच, नुसते करडे-हिरवे फटकारे, धुक्यात विरघळलेले. आणि एवढ्या राखाडीत लाल रंगाचा इवलासा ठिपका! तोच सगळं चित्र पेलतो. उन्हाळ्यात उघड्यावर, फोंतेनब्लोच्या जंगलात वगैरे अभ्यासचित्रं करायची आणि हिवाळ्यात स्टुडिओत बसून मोठी चित्रं पुरी करायची, हा त्याचा शिरस्ता. आधी आकार, मग उजेड-सावलीच्या छटा, रंग सगळ्यात शेवटी. आमच्या क्लासात पहिल्याच दिवशी ट्यूब पिळणाऱ्यांना हे कोण सांगणार!

आईचं पॅरिसमध्ये टोप्यांचं दुकान होतं, घरून पैसे मिळायचे, म्हणून चित्रं विकायची घाई त्याला कधी नव्हती. पुढे पैसा आला तो मात्र हातात ठेवला नाही. चित्रकार मित्र दोमिएची नजर गेली, भाडं थकलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर राहील असं बघितलं. १८७५ मध्ये मिले या चित्रकाराच्या विधवेला १०,००० फ्रँक दिले. पुढच्या काही आठवड्यांत स्वतःच गेला.

गरजू चित्रकारांनी केलेल्या नकलांवरही हा भला माणूस सही ठोकायचा म्हणे. खोट्या कोरोंचा सुळसुळाट आहे तो उगाच नाही. बसा आता ओळखत!