बिऱ्हाड समुद्रापार: काय पाठवलं, काय विकलं, काय तिथेच घेतलं

नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघं आणि शाळकरी मुलगी असं तिघांचं बिऱ्हाड एका खंडातून दुसऱ्या खंडात हलवलं. सामान पाठवावं की सगळं विकून तिथे नवं घ्यावं यावर घरात जेवढे वाद झाले, तेवढे देश बदलण्यावरही झाले नाहीत. आता खोकी उघडून झाली आहेत, पुठ्ठे रद्दीत गेले आहेत आणि डोकं थाऱ्यावर आहे. याच वाटेने निघालेल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय.

मूव्हर्सचा माणूस पाहणीला आला तिथपासून सुरुवात करते. त्याने कपाटं उघडली, माळ्यावर डोकावला, पलंगाखाली वाकून बघितलं आणि प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारला, "हे जाणार की राहणार?" जाणार म्हटलं की त्याच्या टॅबलेटवरचा आकडा वाढायचा. वस्तू केवढ्याला घेतली, कुणी दिली, किती जुनी आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. जाताना त्याने एक संख्या सांगितली, घनमीटरमध्ये. पुढचं सगळं गणित त्या संख्येभोवती फिरतं.

२० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, पण खोक्यांच्या फटी आणि वेड्यावाकड्या आकाराचं फर्निचर धरलं तर प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी बसतं. ४० फुटीत साधारण ६७ घनमीटर. कंटेनर भरण्याएवढं सामान नसेल तर दुसऱ्यांच्या मालाबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये जागा मिळते. धंद्यात त्याला एलसीएल म्हणतात. तिथे भाडं घनमीटरवर लागतं. वजन मध्ये येतं ते घनमीटरला एक टनाच्या वर गेलं तरच, आणि घरगुती सामान सहसा तिथवर जात नाही. म्हणजे पुस्तकांचं खोकं आणि उशांचं खोकं एकाच मापाचं असेल तर समुद्रमार्गे दोन्हींना सारखंच भाडं.

विमानाने मात्र हिशेब वेगळा. एअर कार्गोत लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात आणि येणारा आकडा किंवा खरं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. कुरिअरवाले बहुतेक वेळा ५००० ने भागतात. ६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरच्या खोक्यात सहा किलोची पांघरुणं भरली तर एअर कार्गोत २५ किलोचे पैसे जातात, कुरिअरने ३० किलोचे. घरात सगळ्यांना वाटत होतं की हलकं ते विमानाने आणि जड ते बोटीने. पांघरुणं, उशा, सॉफ्ट टॉइज यांना विमान परवडत नाही आणि बोटही परवडत नाही. ती इथेच वाटून टाकायची.

हे झालं भाड्याचं. पण भाडं हा बिलाचा एक तुकडा. घरून उचल, निर्यातीचे कागद, बंदरावरची हाताळणी, तिकडे कंटेनर फोडून प्रत्येकाचा माल वेगळा करणं, कस्टम्सचं काम, घरपोच डिलिव्हरी, यातला बराचसा खर्च सामान एक घनमीटर असो की सहा, फारसा बदलत नाही. त्यातून कित्येक कंपन्या किमान एका घनमीटरचे पैसे लावतातच. म्हणून "मोजकीच चार खोकी पाठवू" हा ऐकायला समजूतदार वाटणारा पर्याय दर घनमीटरमागे सगळ्यांत महाग पडतो. चार खोक्यांचंच सामान असेल तर विमानात जादा बॅगा घ्या. बहुतेक विमान कंपन्यांची इकॉनॉमीतली बॅग २३ किलोची आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरची असते, आणि एक बॅग ३२ किलोच्या वर सहसा घेतच नाहीत. बॅगा आपल्याबरोबर त्याच दिवशी पोचतात, हा फायदा कोटेशनमध्ये दिसत नाही.

कोटेशनवरून आठवलं. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक दर इतका कमी होता की यजमान लगेच होकार कळवायला निघाले होते. खालच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गंतव्य बंदरावरचे खर्च ग्राहकाकडे. त्यांना फोन करून "किती होतील?" विचारलं, तर आकडा देईनात. सामान एकदा तिकडच्या गोदामात पडलं की ते सोडवायला मागतील ते द्यावं लागतं, आणि उशीर झाला तर वर गोदामभाडं. तेव्हा घरापासून घरापर्यंतचा दर लेखी घ्या. त्यात बंदराचे आकार, कस्टम्स क्लिअरन्स, जिन्याने सामान चढवणं आणि रिकामी खोकी परत नेणं धरलंय की नाही, हे एकेक करून विचारा. कस्टम्सने प्रत्यक्ष तपासणी केली तर तिचा खर्च बहुधा वेगळाच असतो, तेवढा मनात धरून ठेवायचा.

आता मुख्य प्रश्न, काय पाठवायचं. वस्तूची किंमत आणि भाडं समोरासमोर मांडून आम्ही तक्ता करायला बसलो होतो, पण निकाल लावला तो वेळेने. उचल झाल्यापासून घरपोच होईपर्यंत दोन ते तीन महिने सहज जातात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि त्या मार्गावरचे दिवस आणखी वाढले. या मधल्या काळात झोपायचं कशावर, शिजवायचं कशात, मुलीने अभ्यासाला बसायचं कुठे? गादी, दोन-तीन भांडी, एक टेबल ही खरेदी पहिल्याच आठवड्यात होते, तिला इलाज नाही. मग बोटीतली गादी येते ती दुसरी गादी म्हणून. यावरून आम्ही चाळणी लावली: पहिल्या तीन महिन्यांत ज्याच्यावाचून अडणार ते एकतर बॅगेत किंवा तिथे विकत. बोटीत फक्त तेच, ज्याच्यावाचून तीन महिने निभेल पण कायमचं निभणार नाही.

या चाळणीतून निम्मं घर गळलं. राहिली ती पुस्तकं, हिवाळी कपडे (आम्ही उन्हाळ्यात पोचणार होतो), हत्यारांची पेटी, शिलाई मशीन, मुलीचं लिहिण्याचं जुनं लाकडी टेबल, भिंतीवरच्या तसबिरी, फोटोंचे अल्बम आणि गिटार. टेबल हिशेबात बसत नव्हतं, पण मुलगी हटून बसली आणि मला ते मनातून पटलं होतं. असा एखादा अपवाद प्रत्येकाने आधीच मंजूर करून टाकावा, म्हणजे बाकीच्या वस्तूंवर कडक राहता येतं.

विजेच्या वस्तूंचा निकाल मागचं लेबल वाचून लागतो. जगात एकीकडे १०० ते १२७ व्होल्ट, दुसरीकडे २२० ते २४०. फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झ. लेबलवर १००–२४० असं असेल, लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर असतंच, तर नुसता प्लग बदलून चालतं. इस्त्री, हीटर, केटली यांना ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो वस्तूपेक्षा जड आणि महाग. मोटर असलेल्या यंत्रांना व्होल्टेज जुळलं तरी फ्रिक्वेन्सी नडू शकते, वेग बदलतो. शिलाई मशीन पायाचं असल्यामुळे ते सुटलं. टीव्हीचं प्रक्षेपण देशागणिक वेगळ्या पद्धतीचं असतं, त्यामुळे जुना टीव्ही तिकडे ॲन्टेनावर चालेलच असं नाही. शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमची भांडी निरुपयोगी. तेव्हा बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच भांडं न्या. आणि पलंगपोस, चादरी: अमेरिकेतली क्वीन गादी १५२ बाय २०३ सेंटिमीटर, युरोपात १६० बाय २०० सर्रास, ब्रिटनमधली किंग १५० बाय २००. पलंग ठेवून चादरी नेल्या, किंवा उलटं केलं, तर मापं जुळणार नाहीत.

फर्निचरचा निर्णय मात्र शक्य तितका लांबवा, निदान तिकडची घरं कशी मिळतात हे कळेपर्यंत. काही शहरांत भाड्याच्या घरात पलंग-कपाटांसकट सगळं असतं. जर्मनीत कित्येकदा स्वयंपाकघराचे कट्टे आणि कपाटंसुद्धा भाडेकरूलाच बसवावी लागतात. इकडचं सामान विकून किती येतील हेही जपून धरा. निघायची तारीख जाहीर झालेल्या माणसाला कुणी भाव देत नाही.

कस्टम्सची सवलत हा पाठवण्याच्या बाजूचा मोठा मुद्दा, कारण राहायला येणाऱ्या माणसाच्या वापरलेल्या घरगुती सामानावर अनेक देश कर घेत नाहीत. अटी मात्र आहेत. युरोपीय संघात आधी सलग १२ महिने संघाबाहेर वास्तव्य हवं, वस्तू किमान ६ महिने वापरलेल्या हव्यात आणि राहायला आल्यापासून सर्वसाधारणपणे १२ महिन्यांत त्या आणायच्या. अमेरिकेत घरगुती सामान किमान वर्षभर वापरलेलं लागतं. कॅनडात मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्या प्रवेशाच्या वेळीच सीमेवर दाखवावी लागते, सामान नंतर केव्हाही येवो. म्हणजे निघायच्या आधी "तिकडे महाग आहे" म्हणून नव्या कोऱ्या वस्तू घेऊन लेबलासकट खोक्यात टाकणं हा तोट्याचा व्यवहार. कर त्यांच्यावर लागतो आणि अधिकाऱ्याची नजर बाकीच्या सामानावरही जाते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी माती, लाकूड, गवत, बियाणं यांकडे वेगळं लक्ष द्यावं. सायकलची चाकं, बुटांचे तळवे, तंबू, बागेची हत्यारं घासून धुऊन वाळवलेली लागतात, नाहीतर तिथे सफाईचे पैसे भरा किंवा वस्तूवर पाणी सोडा. स्वतः लाकडी पेटी ठोकून घेणार असाल तर बहुतेक देशांत आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचं आंतरराष्ट्रीय मानक) शिक्का असलेलं, उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड लागतं. गिटारसाठी आम्हाला जुनं बिल शोधावं लागलं, कारण ब्राझिलियन रोझवुडचा व्यापार १९९२ पासून साइट्स करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यांत कडक यादीत आहे. आमची त्या लाकडाची नव्हती, पण ते कागदावर असलेलं बरं. जुन्या पियानोच्या हस्तिदंती पट्ट्या, प्रवाळ, शंख यांचीही तीच गत.

पॅकिंगच्या दिवशी मुकादमाच्या हातातल्या यादीवर नजर ठेवा. प्रत्येक खोक्याला नंबराचा स्टिकर लागतो आणि यादीत त्यापुढे वर्णन व अवस्थेची खूण येते: ओरखडा, टवका, तडा. आमच्या धडधाकट टेबलापुढे माणसाने सवयीने 'ओरखडे, चारही बाजू' लिहिलं. मी त्याला टेबलाभोवती फिरवलं, डावीकडचा एकच ओरखडा दाखवला आणि तेवढाच ठेवून बाकीचं खोडून घेतलं, खाली दोघांच्या सह्या. वर्णनात 'किरकोळ' हा शब्द तर चालूच देऊ नका. कस्टम्सवाला तेच खोकं फोडतो. पासपोर्ट, शाळेचे दाखले, औषधं, दागिने, हार्ड डिस्क आपल्याबरोबर. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात मूव्हर्स घेत नाहीत आणि विमानातही त्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्याच बॅगेत न्याव्या लागतात, तेही साधारण १०० वॉट-अवरपर्यंत.

खोकी आपण भरायची की त्यांनी? स्वस्त पडतं म्हणून आपण भरतो, पण यादीत त्या खोक्यांपुढे पीबीओ म्हणजे मालकाने भरलेलं अशी खूण पडते आणि विमा कंपन्या सहसा अशा खोक्यातली फुटतूट मान्य करत नाहीत. पूर्ण खोकं गहाळ झालं तरच भरपाई. आम्ही पुस्तकं-कपडे स्वतः भरले आणि काचेचं, लाकडाचं त्यांच्यावर सोडलं. विम्याची रक्कम तिकडे नवी वस्तू घ्यायला जे पडेल त्या भावाने लिहा. विमा नको म्हणणाऱ्यांनी एव्हर गिव्हन आठवावं. मार्च २०२१ मध्ये ते जहाज सुएझ कालव्यात अडकलं आणि मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात जहाजावरच्या प्रत्येक मालधन्याचा वाटा. घरगुती सामान असलं तरी सूट नाही. चांगली सागरी पॉलिसी हा वाटा उचलते. तसं लिहिलंय का ते बघून घ्या.

सामान आलं ते ठरलेल्या तारखेच्या बरंच नंतर. दोन माणसं खोकी आणत होती आणि मी दारात यादी धरून नंबरांवर खुणा करत होते. अल्बम कोरडे, पुस्तकं ठीक. कंटेनरमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानाने छताला पाणी धरतं आणि ते खाली ठिबकतं, म्हणून कपड्यांत आणि अल्बमांत ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातल्या होत्या. चामड्याच्या एका पिशवीतही घातल्या होत्या, तरी तिच्यावर बुरशी आलीच. टेबलाचा एक पाय निखळला होता. पावतीवर सही करायच्या आत मी तिथेच 'पाय तुटलेला, बाकी खोकी न उघडता स्वीकारली' असं लिहिलं आणि फोटो काढले. नुकसान कळवायची मुदत पॉलिसीगणिक वेगळी आणि कधी अगदी मोजक्या दिवसांची असते, तेव्हा फुटण्याजोगी खोकी त्याच दिवशी उघडा. यादीतली डावीकडच्या एकाच ओरखड्याची ती दुरुस्ती इथे कामाला आली आणि सुताराचं बिल विम्याने दिलं.

ज्यांचं काही ठरेना अशी पुस्तकं आम्ही नातेवाइकांकडे ठेवून आलो आहोत. काही देशांच्या टपाल खात्यात छापील मजकुरासाठी एम-बॅग नावाची सोय आहे: एका पत्त्यावर एक थैली, ३० किलोपर्यंत. ती सगळीकडे चालू नाही आणि मध्येच बंदही होते, त्यामुळे थैली भरण्याआधी पोस्टात जाऊन विचारून यायचं आणि आतल्या प्रत्येक गठ्ठ्यावरही पत्ता घालायचा.