गट नंबरच्या चौकटीत तिरकी रेघ चालली पाहिजे

तासगाव किंवा सांगलीतल्या एखाद्या बेदाणा कोल्ड स्टोरेजची वेबसाइट करायची ठरली, की पहिली चर्चा मुखपृष्ठाची होते. द्राक्षाच्या घडाचा फोटो केवढा हवा, सरकती चित्रं किती, लोगो डावीकडे की मधोमध. शेतकरी त्या पानावर थांबतच नाही. त्याला माल ठेवण्यासाठी नोंदणी करायची असते आणि त्याची गाठ पडते थेट फॉर्मशी. साइट वापरायला सोपी आहे की नाही, याचा निकाल तिथेच लागतो. म्हणून युजर एक्सपिरियन्स डिझाइनचं, म्हणजे साइट वापरायला सोपी करण्याचं काम रंगांपासून नव्हे, तर लोक काय आणि कसं लिहितात याच्या अभ्यासापासून सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे.

गट नंबर घ्या. सातबारावर तो २१४/२/अ असा असू शकतो. 'नंबर' हा शब्द ऐकून प्रोग्रामर त्या चौकटीला फक्त आकडे घेणारा 'नंबर' टाइप लावून मोकळा होतो. मोबाईलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, त्यात 'अ' नसतो, आणि तिरकी रेघ टाइप झाली तरी ब्राउझर ती किंमत अमान्य करतो. शेतकरी शेवटी नुसतं २१४ लिहून पुढे जातो. नोंद झाली, पण चुकीच्या जमिनीची. उपाय अगदी साधा आहे: चौकट टेक्स्ट प्रकारची ठेवा आणि खाली 'सातबारावर आहे तसा लिहा, उदा. २१४/२/अ' असा नमुना द्या. हा नमुना चौकटीच्या आत फिक्या अक्षरांत नको. लिहायला सुरुवात केली की तो गायब होतो आणि गरज नेमकी तेव्हाच असते. मोबाईल नंबर आणि पिनकोडलाही नंबर टाइप वापरू नये. डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलू शकतो, आणि सुरुवातीचं शून्य पुढच्या प्रक्रियेत उडतं. टेक्स्ट प्रकार ठेवून इनपुटमोड, म्हणजे कोणता कीबोर्ड उघडायचा ते सांगणारी सूचना, न्यूमेरिक केला की कीबोर्ड आकड्यांचाच येतो आणि हे दोष टळतात.

क्षेत्राची चौकट याहून घातक. 'क्षेत्र' एवढंच लिहिलेली एक चौकट आणि त्यात कुणीतरी भरलेलं १.२०. याचे तीन अर्थ होतात. दशांशात वाचलं तर सव्वा एकराला थोडं कमी, म्हणजे ४८ गुंठे. बोलण्याच्या पद्धतीने १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे. सातबाराच्या पद्धतीने १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ ११९ गुंठे. तिन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक चौकटीची आहे. 'एकर' आणि 'गुंठे' अशा दोन स्वतंत्र चौकटी द्या, गुंठ्याच्या चौकटीत ३९ पेक्षा मोठा आकडा आला तर तिथेच विचारा, आणि खाली लगेच 'म्हणजे ०.६१ हेक्टर' असं रूपांतर दाखवा. माणूस ते सातबाराशी ताडून पाहतो. दराचंही हेच. द्राक्षाचा भाव चार किलोच्या पेटीवर सांगतात, बेदाण्याचा किलोवर, हळदीचा क्विंटलवर. आकड्याला चिकटून एकक लिहिलेलं नसेल तर तो दर वाचणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

तालुक्याची यादी वरवर सोपी दिसते. सांगली जिल्ह्यात १० तालुके आहेत, पण 'सांगली' नावाचा तालुका त्यात नाही; शहर मिरज तालुक्यात येतं. विटा खानापूर तालुक्यात, तर इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, वाळवा तालुक्यात. साताऱ्याकडे वडूज म्हणजे खटाव, दहिवडी म्हणजे माण, मेढा म्हणजे जावळी. गावच्या माणसाला हे पाठ असतं, पण फॉर्म कधी पुण्यात शिकणारा मुलगा भरतो, कधी बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा मुनीम. त्यात यादी इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमाने लावून मराठीत दाखवली, तर आटपाडीनंतर थेट जत येतं आणि शोधणारा गोंधळतो. यापेक्षा गाव लिहायची एकच चौकट द्यावी. 'विटा' लिहिलं की 'विटा, ता. खानापूर, जि. सांगली' असा पर्याय समोर यावा. जुनं नाव, नवं नाव आणि इंग्रजी अक्षरांतलं स्पेलिंग, तिन्ही ओळखता आली पाहिजेत.

आता नाव. आपण मराठीत साइट करतो आणि नावाच्या तपासणीचा नियम मात्र कुठून तरी उचलून आणतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी ही 'अक्षर' गटात मोडत नाहीत. त्यांचा 'मार्क' असा वेगळा गट आहे. नियमात फक्त अक्षरगट असेल तर 'कदम' पास होतो आणि 'पाटील' नापास. चाचणी करणाऱ्याने कदम लिहून पाहिलं असेल तर हा दोष कुणाच्या लक्षातही येत नाही. 'कुऱ्हाडे' तर दोन प्रकारे टाइप होतं: ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. साठवण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणली नाहीत तर नोंद असूनही शोधात सापडत नाही. मराठी कीबोर्डवरून आकडेही देवनागरीत येऊ शकतात. ब्राउझरमध्ये तपासणी करणाऱ्या जावास्क्रिप्टला ते आकडे वाटत नाहीत, म्हणून अचूक दहा आकडी मोबाईल नंबर 'चुकीचा' ठरतो. देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायला एक ओळ पुरते; ती ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे घाला.

मजकुराच्या मांडणीबद्दल थोडक्यात. ओळींची उंची फॉन्टच्या १.२ पट ठेवली तर उकार आणि वरच्या मात्रा एकमेकींना भिडतात, १.६ च्या आसपास ठेवा. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनची सफारी आपोआप झूम करते आणि पान सरकतं. प्रेसमधून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

फोन बहुतेक वेळा शेतात किंवा मार्केट यार्डात, उन्हात हातात असतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं कार्यालयातल्या पडद्यावर देखणी दिसतात, बाहेर वाचता येत नाहीत. वेब कंटेंटच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचा फरक, सांगितला आहे. बटणासाठी २०२३ च्या २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल आहे, पण कष्टाच्या हातांना तेवढं पुरत नाही. गूगलच्या मटेरियल डिझाइन या मार्गदर्शिकेतला ४८ चा आकडा धरा.

वेगाचा हिशेब कागदावर मांडता येतो. मोबाईलमधून काढलेला ४ एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला आणि समोरच्याला १ एमबीपीएस वेग मिळत असेल, तर एका फोटोला ३२ सेकंद लागतात. तोच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या चित्र-प्रकारात साठवला तर बहुधा दीडशे-दोनशे केबीत बसतो. पानातला सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. उलट बाजूने, सातबाराचा फोटो मागताना 'फाइल २०० केबीपेक्षा लहान हवी' असं बजावून माणसाला परत पाठवणं हा निव्वळ अन्याय आहे. फाइल लहान करण्याचं काम ब्राउझर स्वतः करू शकतो. ते माणसावर का टाकायचं?

चूक दाखवणारा संदेश ज्या चौकटीत चूक आहे तिच्या लगत, मराठीत, आणि काय करायचं ते सांगणारा असावा. 'अवैध इनपुट' म्हणू नका. 'पिनकोड ६ आकडी हवा, तुम्ही ५ आकडे लिहिले आहेत' असं म्हणा. एक चौकट चुकली म्हणून बाकीच्या पुसल्या गेल्या, तर माणूस फोन खिशात टाकतो आणि पेढीवर जाऊन कागद भरतो. रेंज गेली तरी भरलेलं टिकावं, म्हणून प्रत्येक चौकटीनंतर मसुदा फोनमध्येच साठवा आणि पाठवून झाल्यावर पुसा. फोन घरात चौघांच्या हातात फिरतो. ओटीपी अनेकदा मुलाच्या फोनवर येतो आणि तो फोन करून सांगतो. म्हणून वेळ पुरेशी द्या, चौकट एकच ठेवा, पेस्ट चालू द्या.

पैशांच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त घबराट होते. यूपीआय ॲपमध्ये जाऊन परत येईपर्यंत पान पुन्हा लोड होतं, काही दिसत नाही, माणूस पुन्हा बटण दाबतो आणि पैसे दोनदा जातात. पहिल्या दाबानंतर बटण बंद करणं पुरेसं नाही. प्रत्येक ऑर्डरला पैसे मागण्याआधीच क्रमांक द्या आणि त्या क्रमांकावर दुसरी रक्कम सर्व्हरने घेऊ नये. बँकेचं उत्तर येईपर्यंत 'अयशस्वी' म्हणू नका. 'तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका' हे वाक्य, ऑर्डर क्रमांक आणि उचलला जाणारा फोन नंबर, हे तिन्ही एकाच पडद्यावर हवं.

हे सगळं जमलं का, ते लोकांना बसवूनच कळतं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली पाच जणांच्या छोट्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेण्याचा सल्ला दिला, तो इथे चपखल बसतो. पाच जण घरचे किंवा ऑफिसातले नकोत. दोन बागायतदार, एक अडत्याच्या पेढीवरचा मुनीम, एक चष्मा लावणारी बाई, एक कॉलेजचा मुलगा. फोन त्यांचाच, वायफाय बंद. 'इथे दाबा' म्हणायचं नाही. 'तुमचा ६० पेट्या बेदाणा पुढच्या सोमवारी ठेवायचा आहे, नोंद करा' एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. बोट कुठे थांबलं, कोणता शब्द दोनदा वाचला, कुठे मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, हे लिहून घ्या. 'आवडली का साइट?' हा प्रश्न विचारू नका, आपल्याकडे सगळे भिडेखातर हो म्हणतात. बेदाण्याची धांदल फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून पहिली फेरी नोव्हेंबरात घ्या. डिसेंबर दुरुस्तीला आणि जानेवारी नव्या पाच जणांच्या दुसऱ्या फेरीला मिळतो.