साहेबाचं धावतं, आपलं चालतं

इंग्लंडातलं घड्याळ धावतं, आपलं चालतं. तिकडे बस धावते, कारखाना धावतो, गाजलेलं नाटक वर्षानुवर्षं धावतं, नळाचं पाणी धावतं आणि सर्दी झाली की नाकसुद्धा धावतं. आपल्याकडे यातलं बरंचसं निवांत चालतं आणि उरलेलं वाहतं. धावणारी माणसं, त्यांच्यामागे धावणारी कुत्री आणि चेंडू अडवायला धावणारा फाइन लेग सोडला, तर आपल्या भाषेत फारसं कुणी घाईत दिसत नाही.

'रन' हे क्रियापद आम्ही शाळेत शिकलो ते 'रन, रॅन, रन' अशा चालीत. एकदा भूतकाळात डोकावून यायचं आणि पुन्हा होतो तिथे. अर्थ एकच, 'धावणे'. बाईंनी फळ्यावर लिहिला, आम्ही वहीत उतरवला, विषय मिटला. मग मोठेपणी इंग्रजी वाचताना हेच क्रियापद नको तिथे भेटायला लागलं. पहिल्या धुण्यात कापडाचा रंग जातो, तो इंग्रजीत धावतो. अंगात ताप असलेलं पोर अंथरुणात निपचित पडलेलं असतं, पण इंग्रजीत ते टेंपरेचर 'रन' करत असतं. घरातली साखर संपली की माणसं साखरेच्या बाहेर धावतात. आणि 'आय ॲम रनिंग लेट' असा निरोप पाठवणारा माणूस, माझा अनुभव असा, बहुतेक वेळा सोफ्यावर बसून मोजे शोधत असतो.

हे सगळे अर्थ कुणीतरी मोजलेत. ऑक्सफर्डचा जो अवाढव्य इंग्रजी शब्दकोश आहे, त्याचा संकल्प लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने सोडला १८५७ मध्ये. (त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती छापून तयारही झाली होती. आपण या बाबतीत मागे होतो असं कुणी म्हणू नये.) ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग निघाला १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली. १९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यांत लांबलचक नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. अर्थ सुमारे ४३०. मग तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं. संपादकांनी सुरुवात ए पासून न करता मधूनच, एम पासून केली. त्या क्रमाने जाताना 'सेट'चा विक्रम आधी २००० मध्ये 'मेक'ने मोडला, मग २००७ मध्ये 'पुट'ने, आणि २०११ मध्ये 'रन'ने ६४५ अर्थांनिशी सगळ्यांना मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका क्रियापदावर नऊ महिने बसून होते. नऊ महिने म्हणजे रीतीला धरूनच झालं म्हणायचं.

'सेट'सारखं एका जागी बसवणारं क्रियापद मागे पडून 'रन' पुढे का गेलं, याचं एक कारण सांगतात ते यंत्रांचं. औद्योगिक क्रांतीत गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली, आगगाड्या आल्या, आणि जे जे हलायला लागलं ते ते इंग्रजांनी 'रन'च्या खात्यावर मांडलं. पुढे संगणकाने तर कहर केला. खोक्याच्या आत काय घडतं ते डोळ्यांना दिसतही नाही, पण प्रोग्रामही धावू लागले. कारण पटण्यासारखं आहे, तरी मला ते अर्धंच वाटतं. यंत्रं यायच्या हजारभर वर्षं आधीपासून इंग्रजीत पाणी धावतच होतं. या क्रियापदाचं जर्मन भावंड 'रिनन' आजही द्रवाच्या वाहण्याला वापरतात. म्हणजे या शब्दाच्या मुळातच पायांच्या जोडीला ओघ आहे. एकदा हे ध्यानात घेतलं की नाक धावतं त्याचं हसू येत नाही, रंग धावतो तेही समजतं, आणि एखादा आजार घराण्यातून 'रन' होत येतो तेव्हा तो पिढ्यान् पिढ्या झिरपत आलाय हेही दिसतं.

आपल्याकडे हाच सगळा बोजा 'चालणे' या सोशिक क्रियापदाने उचललाय. घड्याळ चालतं, दुकान चालतं, वकिली चालते, नाटक चालतं, खटला चालतो (आणि चालतच राहतो). ऐन वेळी डोकं चालत नाही, तोंड मात्र चालतं. पंखा चालू असतो आणि एखादा माणूसही चालू असतो, आणि या दोन्हींत घोटाळा झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. गाण्याला चाल असते, नको असलेल्या पाहुण्याला 'चालता हो' म्हणतात, आणि काम पुढे नेतोय असं दाखवत जागच्या जागी ठेवण्याला 'चालढकल' म्हणतात. या शब्दात चालणंही आहे आणि ढकलणंही आहे, फक्त पोचणं तेवढं नाही.

पण 'चालणे'ची खरी मिरास आहे परवानगीच्या खात्यात, आणि तिथे 'रन' फिरकूही शकत नाही. उपासाचं घ्या. साबुदाणा चालतो, वरी चालते, बटाटा चालतो, हळद चालत नाही. इथवर बहुतेक घरांचं एकमत. जिऱ्यापाशी मतभेद सुरू होतात आणि कोथिंबिरीवर घरं फुटतात. आमच्याकडे चालते, आत्याकडे चालत नाही. खिचडीच्या पाककृतीत शेवटची ओळ 'उपासाला चालत असल्यास वरून कोथिंबीर घालावी' अशी असते. पाककृती लिहिणाऱ्या बाईंनी एका 'चालत असल्यास'मध्ये अख्ख्या महाराष्ट्राशी तह केलेला असतो. कोथिंबीर कुठे चालत नाही हे सांगणारं धर्मशास्त्र कुणी काढून दाखवत नाही. चालत नाही म्हणजे चालत नाही.

आणि 'चालेल'! होकार म्हणावा तर त्यात उत्साह नाही, नकार म्हणावा तर अडवणूक नाही. 'हॉटेलात जाऊ या का?' 'चालेल.' विचारणाऱ्याला पुढचे दोन तास कळत नाही की समोरच्याला जायचं होतं की नव्हतं. कोल्हापूरकडे हेच 'चालतंय की' होतं आणि त्या 'की'मुळे अंगात एकदम जोर येतो. पुण्यात 'चालेल' म्हणणारा स्वतःची सोय बघून म्हणतो, कोल्हापुरात 'चालतंय की' म्हणणारा बाही सारून उभा असतो, असं माझं मत आहे. दोन्हीकडचे वाचक रागावतील, पण चालेल.

म्हणून आपली 'धाव' अगदीच रिकामी बसलीये असंही नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. विहिरीचं पाणी काढणारी मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. शिवणकामात साधा टाका घालतात तो धावदोरा. घाईत डोकावून गेलं तर धावती भेट, आणि क्रिकेटच्या रनिंग कॉमेंटरीचं आपण धावतं समालोचन केलं. पहिल्या दोन धावा बैलगाड्यांबरोबर आणि मोटांबरोबर नाहीशा होत चालल्या. धावदोऱ्याचं इंग्रजी नावही 'रनिंग स्टिच'च आहे. सुईच्या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत व्हावं, याची मला गंमत वाटते.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर, या खेळात 'रन'चा जितका विपर्यास झालाय तितका कुठेच नसेल. चौकार बसला की दोघेही फलंदाज मध्यावर येऊन मुठी भिडवतात, कुणी धावत नाही, आणि फलकावर चार धावा लागतात. वाइड पडला तर फलंदाजाने बॅटही हलवलेली नसते, तरी एक धाव. अठराव्या शतकात इंग्लंडात धावांची मोजणी काठीवर खाचा पाडून करत आणि धावेलाही खाचच म्हणत. ते निदान प्रामाणिक होतं. २०११ मध्ये तर एक योगच जुळून आला. त्या वर्षी शब्दकोशात 'रन' पहिल्या नंबरवर बसलं आणि त्याच वर्षी आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून 'रनर' काढून टाकला. जखमी फलंदाजाने आपलं आपण धावायचं, नाहीतर आत जाऊन बसायचं. गल्लीत अर्थात हा नियम पोचला नाही. तिथे अंगाने भारदस्त मुलगा बॅटिंगला आला की रनर मागायचा त्याचा हक्क अजून शाबूत आहे, आणि बहुतेकदा बॅट त्याचीच असल्यामुळे कुणी वाद घालत नाही.

निवडणुकीतही इंग्रजीचे दोन तट आहेत. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. एकाच पदासाठी एक धावतोय आणि एक उभा आहे. अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तर 'रनिंग मेट' म्हणतात, तो शब्द थेट घोड्यांच्या शर्यतीतला. आपला उमेदवार ब्रिटिशांसारखा उभा राहतो, पण पुढची मजा फक्त आपली. अर्ज मागे घ्यायची मुदत संपेपर्यंत त्याला बसवायचे प्रयत्न होतात. बसला तर त्याची कुठेतरी सोय लागते. न बसता उभाच राहिला तर पडतो. उभं राहणं, बसणं, पडणं, सगळं झालं, धावणं तेवढं राहिलं. ते कार्यकर्त्यांकडे.

मराठीने 'रन'चं भाषांतर करण्याच्या भानगडीत न पडता त्याला जसंच्या तसं घरात घेतलं, अशाही जागा आहेत. स्वयंपाकघराचं काम काढलं की भेटतो तो 'रनिंग फूट'. 'ताई, ट्रॉल्यांचा रेट रनिंग फुटाने पडेल.' म्हणजे खोली-उंची विसरायची, ओट्याची नुसती लांबी मोजायची. ओटा सरळ असेल तर ठीक. इंग्रजी एलसारखा वळला की कोपरा एकदा या बाजूच्या लांबीत धरला जातो आणि एकदा त्या बाजूच्या. 'अहो दादा, कोपरा एकच आहे ना?' 'एकच आहे ताई, पण टेप दोन्हीकडून लागते.' यावर उत्तर नाही. टेप धातूची, दोन्ही टोकांना त्याच्याच हातात.

आणि मुंबईची लोकल. एकच गाडी, पण तिच्या चालीबद्दल तिघांचं तीन तऱ्हांनी बोलणं. फलाटावरची उद्घोषणा सांगते, 'चालत्या गाडीत चढण्याचा प्रयत्न करू नका.' दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं, 'धावत्या लोकलमधून पडून तरुण जखमी.' आणि रोज प्रवास करणारा म्हणतो, 'रनिंगमध्ये पकडली म्हणून विंडो मिळाली.' रेल्वेची चालते, पेपरची धावते, आपली रनिंग. रनिंगमध्ये पकडणं ही कला चर्चगेटला संध्याकाळी बघावी. गाडी फलाटात शिरते, वेग अजून उतरलेला नसतो, आणि दाराशी ठरावीक मंडळी बॅग पोटाशी धरून दोन पावलं तिच्या बरोबरीने टाकतात, हात खांबावर, आणि आत. गाडी थांबते तेव्हा तिघांच्या बाकावरची चौथी सीटसुद्धा भरलेली असते. कायद्याने हा गुन्हा आहे आणि जिवाला धोका तर आहेच. मी त्यातली नाही, मी उभीच जाते. पण या प्रकाराला 'चालत्या गाडीत चढणे' म्हटलं तर त्यातला थरार सगळा निघून जातो, हे मान्य करावं लागेल. पेपरवाल्यांचं मात्र मला कोडं आहे. पाऊस झाला की बातमी येते, 'मध्य रेल्वेच्या गाड्या वीस मिनिटे उशिराने धावत आहेत.' वेळेवर असते तेव्हा गाडी चालते. उशीर झाला की तिला धावावंच लागत असेल.

माझा भाचा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो घरून काम करत होता आणि मी शेजारी शेंगा सोलत होते. कानाला हेडफोन, पलीकडे कुणीतरी नाशिकचा मित्र. अर्धा तास नुसती खटखट. मग हा म्हणाला, 'रन होतंय रे. एरर पण नाहीये. पण चालत नाहीये.'

ऑक्सफर्डचे ६४५ अर्थ उलथेपालथे केले तरी हे वाक्य एकट्या 'रन'ला जमणार नाही. पलीकडच्या मित्राला मात्र ते एका दमात कळलं असावं, कारण भाच्याने थोडं ऐकून घेतलं, लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाला, 'हां, मग सध्या तसंच चालवून घेऊ. सोमवारी बघू.'