स्क्रीन थिजते, नोंद राहत नाही

आज संध्याकाळी पुन्हा तेच झालं. गेम सुरळीत चालला होता, आणि ऐन वळणावर चित्र जागच्या जागी थिजलं. स्पीकरमधून आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला, माऊस हलेना. पॉवरच्या बटणाकडे जाणारा हात आवरला आणि आधी कॅप्स लॉक दाबून पाहिलं. कीबोर्डवरचा दिवा लागला नाही. म्हणजे नुसता गेम अडकलेला नव्हता, सगळी यंत्रणाच थांबली होती. दिवा लागता तर विंडोज आतून जागं आहे असं धरून आधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळले असते.

पीसी पुन्हा सुरू करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर, 41. ही नोंद बघून बरेच जण थेट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतात, ते मला पटत नाही. ती लिहिली जाते पुढच्या वेळी मशीन चालू झाल्यावर, आणि सांगते एवढंच की मागच्या वेळी ते नीट बंद झालं नव्हतं. का, ते तिलाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा निळा स्क्रीन बरा. तो निदान एक कोड देतो, सहसा डम्प फाइलही, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, ठेवतो. असं थिजणं मागे काहीच ठेवत नाही, म्हणून ही वही. एका वेळी एकच बदल करायचा, तो इथे लिहायचा, आणि मगच पुढे जायचं.

तापमानाचा संशय आता संपला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्रामला सगळे आकडे फाइलमध्ये उतरवायला लावले होते. थिजण्याआधीच्या शेवटच्या ओळीपर्यंत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही सत्तर अंशांच्या आतबाहेर, चढ कुठेच नाही. तसंही तापलेला प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडतं. एसएसडीची प्रकृतीही ठीक आहे. कार्डाला एकाच केबलच्या दोन तोंडांतून वीज जात होती, त्याऐवजी एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढल्या. आठ पिनांच्या एका जोडणीला 150 वॉट आणि स्लॉटमधून 75 असा हिशोब असतो, तेव्हा हा बदल करण्यासारखाच होता. आज थिजला तो या बदलानंतरच.

उरली रॅम. तिथे मात्र काहीतरी हाती लागलंय.

डीडीआर4 च्या चार स्टिक आहेत, पाकिटावर 3600 हा वेग लिहिलेल्या. तो वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी हे रॅमचं जास्त वेगाचं तयार प्रोफाइल चालू करावं लागतं. एरवी 1.2 व्होल्टवर चालणारी रॅम त्या प्रोफाइलमध्ये 1.35 व्होल्टवर जाते. आणि तो वेग पेलायचा असतो मुख्यतः प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला, कारण चारही स्टिकशी बोलणारा तोच. माझ्या रायझन 5000 साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना 3200 आहे. चारही स्लॉट भरले की सिंगल-रँक (मेमरी चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिक असल्या तरी तो 2933 वर येतो.

प्रत्येक स्टिक एकेकटी लावली, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. जुनी काढायची, नवी दोन्ही कडांना अंगठ्याने सारखा दाब देऊन बसवायची, खटका वाजेपर्यंत, मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी. एकेकटी प्रत्येक स्टिक 3600 वर निर्दोष. दोन लावल्या, त्याही निर्दोष. चारही लावून चाचणी पुन्हा सुरू केली आणि थोड्या वेळाने चुकांचा आकडा वाढायला लागला.

तो बघून मला खरंच हायसं वाटलं. इतके दिवस मी खराब भाग शोधत होते, आणि इथे खराब भाग नाहीच. रॅम चांगली, प्रोसेसर चांगला, बोर्ड चांगला. त्या वेगाला त्यांचं एकत्र जमत नाही. सुटे भाग आणून पीसी जोडला की ही जुळणी तपासणं आपल्याकडेच येतं, कारण प्रत्येक कंपनी फक्त स्वतःच्या भागाची हमी देते. वॉरंटीत रॅम पाठवली असती, तर एकेक तपासून ‘दोष नाही’ म्हणून परत आली असती, आणि ते चूक ठरलं नसतं.

आता एक्सएमपी तसंच ठेवून फक्त वेग 3200 वर आणलाय. मेमटेस्टची एक फेरी चुकीशिवाय पार पडली, बाकीच्या रात्रभर चालतील. 32 जीबी तपासायला वेळ लागतोच. सकाळी आकडा शून्य असेल तर उद्या तोच गेम, त्याच सेटिंगवर, संध्याकाळभर. पुन्हा थिजला तर 2933. तोवर ड्रायव्हर, केबल, पंखे, कशालाच हात लावायचा नाही.