मेलेले हाड उभेच राहते

जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुधा गुडघ्यालगतच्या हाडात, वयाच्या विशी ते चाळिशीत आढळते. ती सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींच्या गटात मोडत असली, तरी नुसती खरवडून काढल्यास त्याच जागी पुन्हा उद्भवण्याची खोड तिला आहे. म्हणून खरवडून झाल्यावर वेगाने फिरणाऱ्या बरने (हाड घासायच्या छोट्या यांत्रिक अवजाराने) पोकळीच्या भिंती घासतात आणि त्यानंतरही उरलेल्या पेशी मारण्यासाठी फेनॉल, द्रव नायट्रोजन किंवा बोन सिमेंट (पोकळीत भरल्यावर घट्ट होणारे मिश्रण) यांसारखे पूरक उपाय योजतात. या उपायांनी गाठीचे काय होते याची चर्चा पुष्कळ होते. मला अधिक कुतूहल आहे ते शेजारच्या निरोगी हाडाचे.

फेनॉल म्हणजे ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टरने 1865 साली जखमेवर वापरलेले कार्बोलिक आम्लच. ते पेशींतील प्रथिने गोठवते, परंतु त्याचा मारा जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी खोल पोहोचतो. हाडाला त्याची फारशी झळ लागत नाही. काळजी असते ती रक्तात शोषले गेल्यास हृदयाच्या लयीवर होणाऱ्या परिणामाची आणि आजूबाजूच्या मऊ ऊतींवर ओघळल्यास होणाऱ्या भाजण्याची.

द्रव नायट्रोजनची गोष्ट अगदी वेगळी आहे. उणे 196 अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव पोकळीत ओतला की पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक तयार होतात, आणि गोठण्याइतकेच हळूहळू वितळणेही पेशींना घातक ठरते. म्हणून गोठवण्याची आणि वितळू देण्याची फेरी दोन-तीनदा केली जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत हाडाचा मृत पट्टा साधारण 7 ते 12 मिलिमीटर रुंद आढळला आहे. गाठीच्या दृष्टीने ही खोली उत्तमच. मात्र इथेच खरी मेख आहे. पेशी मेल्या तरी हाडाचा खनिज सांगाडा जागच्या जागी राहतो, त्यामुळे ते हाड डोळ्यांना आणि एक्स-रेलाही सुरुवातीला धडधाकटच दिसते. पुढे शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या शिरतात, जुने हाड झिजवले जाते आणि नवे रचले जाते; या दुरुस्तीला कित्येक महिने लागतात आणि त्या काळात हाड कमकुवत होऊन मोडू शकते. आधाराला सिमेंट, प्लेट किंवा रॉड लागतात ते यासाठीच. रुग्णाला दुखत नसतानाही वजन टाकू न देण्याचा आग्रह त्याला जाचक वाटतो, हे मी समजू शकतो. पण तो आग्रह अनाठायी नाही.

सिमेंट मात्र उष्णतेने काम करते. घट्ट होताना ते तापते, आणि 47 अंशांचे तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा होते, असे सशांवरील प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे पोकळी आणि सांध्याची कूर्चा यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच उरला असेल, तर तिथे आधी हाडाचा कलम-थर (दुसरीकडून आणून बसवलेल्या हाडाचा थर) भरून मग सिमेंट घालणे मला शहाणपणाचे वाटते.

या साऱ्याचा माग एक्स-रेवरही उमटतो. सिमेंटभोवती पुढे एक बारीक काळी रेघ आणि तिच्या बाहेर पांढरी कड दिसते. ती पाहून घरचे लोक घाबरतात आणि गाठ परत आली का, असे विचारतात. ती रेघ स्थिर राहिली, तर तो बहुतेक वेळा उष्णतेने मेलेल्या हाडाच्या जागी आलेला तंतुमय थर असतो. ती रुंदावत गेली, तर मात्र तपासणी लगेच करावी लागते.